वैल असलेली भट्टी

आमच्या घरात पावाला थारा नव्हता. शेजारच्या मळ्यांत कुणाला ताप आला, की दुधात बुडवून खायला पाव आणायचे. आमच्याकडे ताप आला, की पेज. आईचं म्हणणं एकच, पावाचं पीठ पायानं मळतात. तिनं ते पाहिलं होतं का, तर नाही. दुसऱ्या कुणी पाहिलं होतं का, तर तेही नाही. पण ती ते इतकं ठासून सांगायची, की कुठे पाव दिसला तर त्याच्यावर टाचेचा ठसा आहे का हे बघायची मला सवयच लागली होती. अशा बाईच्या अंगणात पावाची भट्टी उभी राहिली, आणि तीही तिच्याच हातानं. तेच सांगायला आज बसले आहे.

आज नाशिकच्या इंदिरानगरात ज्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहते, तिथंच कुठंतरी आमचा मळा होता. अंदाजानं सांगते, जिथं खाली गाड्या लावतात तिथं शेवंतीचे वाफे होते आणि लिफ्टच्या जागी मेथी. लिफ्टमध्ये शिरताना अजून माझा पाय जरा जपूनच पडतो. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यापुढं सारवलेलं अंगण. सकाळ व्हायची ती विहिरीवरच्या इंजिनाच्या पुकपुकीनं. दादा, म्हणजे माझे वडील, गाडीत भाजी आणि फुलं भरून गावात बाजाराला निघायचे. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब गेला, की आईच्या भाकरीची थापथाप ऐकू यायला लागायची. भाकरी बाजरीची, सोबत ठेचा, नाहीतर निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत. दादा बोलायचे कमी. आई दोघांचं मिळून बोलायची. मी आईवर गेले आहे, हे एव्हाना वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

आक्का, म्हणजे कुसुम, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती लग्न होऊन नाशिक रोडला गेली आणि माझं घरात कुणाशी म्हणून बोलणंच राहिलं नाही. शाळेतून यायचं, बैलांशी बोलायचं. वर्षभरानं ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिची ट्रंक एकटीनं टांग्यातून उतरवली आणि पायावर पाडून घेतली. आता बाळ होईपर्यंत आक्का आपल्याकडे, म्हणजे पुढचे चार-पाच महिने रात्री अंथरुणं शेजारी, दिवसा वेण्या तिच्या हातच्या, असे माझे बेत होते.

पण आक्का खाईना. भाकरीचा वास आला की तोंडाला पदर. वरणभात दोन घास, की उठून बाहेर. आईनं सगळे प्रकार करून पाहिले. शेवटी आक्काच्या सासूबाई भेटायला आल्या. बाई वाईट नव्हती बरं का. उंच, गोरी, कडक इस्त्रीचं पातळ, आणि बोलणं मोजकं. त्यांनी आक्काचं मनगट हातात घेतलं तर बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या. त्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, माहेरपणाचा तुमचा हक्क मला मान्य आहे. पण पोर वाळत चाललीय. पंधरा दिवसांनी डोहाळजेवण करायचंय ना? मी येते. तोवर अन्नाला लागली तर उत्तम. नाही लागली, तर त्याच टांग्यातून मी तिला घेऊन जाईन. आमच्या क्वार्टरपासून दवाखाना दोन पावलांवर आहे."

  त्या गेल्यावर आई चुलीपुढं बसून नुसती फुंकणी फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना आक्का मला हळूच म्हणाली, "शके, कुणाला सांगू नको. आमच्या क्वार्टरच्या मागं बेकरी आहे. सकाळी पाव निघतो ना, तो गरम वास खिडकीतून येतो. तो आला की मला भूक लागते. दुसऱ्या कशानंच लागत नाही."

मी अर्थातच आईला सांगितलं.  ती दादांना म्हणाली, "आवं, येताना गावातनं एक पाव आणा." दादांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं हत्तीच आणायला सांगितला. त्यांनी आणला. पण उरलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांखाली तासभर प्रवास करून आलेला तो पाव गार पडला होता आणि त्याला कोथिंबिरीचा वास येत होता. आक्कानं तो नाकाशी नेला आणि माझ्या हातात दिला. आईच्या जिवात जीव आला असावा. ती म्हणाली, "बरं झालं, नाय खाल्ला. पायानं मळतात. पण डोहाळा तो डोहाळा, त्याला नाय म्हणता येत नाय. घरात करू. पीठच हाय ना शेवटी." तिनं तव्यावर केला. त्याची दशमी झाली. मग तिनं मनमाडला मामाला पोस्टकार्ड टाकायला लावलं.

गेनूमामा आईचा धाकटा भाऊ, रेल्वेत पॉइंट्समन. त्याला जगातलं सगळं येत होतं, फक्त करून बघायची वेळ आली नव्हती. तो रजा काढून आला तो हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात त्याच्या खोलीसमोरच्या भट्टीवाल्याकडून मागून आणलेला खमिराचा गोळा होता. गाडीत लासलगावपाशी तो गोळा फुगला, डब्याचं झाकण टणकन उडालं आणि समोरच्या बाईच्या कांद्याच्या पिशवीत जाऊन पडलं. पुढं नाशिक रोडपर्यंत मामा तो गोळा तळहातानं दाबून बसला होता. त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत कडक वाळली होती. त्या खमिराला रोज मूठभर मैदा आणि पाणी द्यावं लागायचं. आई म्हणाली, "म्हणजे आता घरात दोघांना भरवायचं, कुसुमला आन् डब्याला." डबा तरी खात होता.

"भट्टी कशी बांधतात ते येतं का तुला?" आईनं विचारलं.

"ताई, रोज बघतो मी ती. दारासमोर हाय."

"आतनं बघितली?"

"आतनं कशाला? घुमट असतो. खाली विटा, वर माती, पुढं तोंड. विस्तव करायचा, तापली की विस्तव ओढायचा, पाव सारायचे, तोंड बंद. झालं."

मामानं मळ्यातलीच काळी माती उकरायला सुरुवात केली, तेव्हा आईनं त्याच्या हातातून फावडं काढून घेतलं. काळी माती वाळली की भेगाळते हे मामाला ठाऊक नव्हतं, आईला होतं. पावाचं तिला काही कळत नसेल, पण चुली तिनं जन्मभर घातल्या होत्या. नाल्याकाठची पोयट्याची माती, गव्हाचा भुसा, शेण, आणि टांग्याच्या अड्ड्यावरून दादांनी पोत्यात भरून आणलेली घोड्याची लीद. दोन दिवस भिजवून ठेवलं आणि मग मी आणि मामानं ते तुडवलं. आई ओट्यावरून बघत होती. मामा म्हणाला, "ताई, भट्टी पायानं मळली तर चालते ना?" तिनं त्याला चिखलाचा गोळा मारला.

घुमट उभा करायला आत काहीतरी आधार लागतो. मामानं अंगणभर नजर फिरवली आणि कोंबड्या झाकायचं डालगं उचललं. उपडं ठेवलं की बरोबर घुमट. आई बाजूच्या मळ्यात गेली होती. ती येईपर्यंत आम्ही विटांच्या ओट्यावर डालगं पालथं घालून त्यावर चार बोटं चिखल थापला होता. आई आली, तिनं आधी कोंबड्या मोकळ्या फिरताना पाहिल्या, मग भट्टी पाहिली. "डालगं कुठंय?" आम्ही दोघं चिखलाकडं बघत राहिलो. मामा म्हणाला, "पहिल्या विस्तवात जळून जाईल, ताई. भट्टी मोकळी होईल आपोआप." पुढं बरेच दिवस कोंबड्या माझ्या खाटेखाली झोपत होत्या, आणि नंतर नंतर तर विझलेल्या भट्टीत ऊब असते हे त्यांना कळलं. सकाळी विस्तव घालण्याआधी भट्टीत हात घालून कोंबड्या मोजायच्या हे काम माझ्याकडं आलं.

रागावली तरी आईचा हात स्वस्थ बसेना. ती पुढं झाली आणि पाण्याचा हात फिरवून घुमट असा गुळगुळीत केला की बघत राहावं. मग जरा मागं सरकून विचारलं, "वैल कुठंय?"

हल्लीच्या मुलींना वैल सांगावा लागतो. चुलीचं मुख्य तोंड असतं त्याच्या जोडीला एक लहानसं भोक असतं, आतल्या आत जाळ तिकडं जातो. त्यावर दूध, आमटी असं काहीबाही ठेवलेलं असतं. मामा म्हणाला, "भट्टीला वैल नसतो, ताई."

"मग पहिलं दूध कशावर तापवू? नवी चूल पेटली की तिच्यावर दूध उतू घालायचं असतं. घरात पोटुशी पोर हाय, गेन्या. तिच्यासाठी चूल मांडतोय आपण. न पूजता पेटवू?"

"पन ताई, मनमाडला..."

"मनमाडला त्यांच्या आया नसतील."

 आईनं घुमटाच्या मागच्या बाजूला वरच्या अंगाला पातेलं बसेल एवढं भोक कोरलं, त्याला तीन उंचवटे केले, आणि हळदीकुंकू लावून हात जोडले. भट्टी वाळली. पहिला विस्तव केला तेव्हा डालगं तडतडत जळालं आणि वैलातून हातभर जाळ वर आला. दूध डोळ्यांदेखत उतू गेलं. आई इतकी खूश झाली की तिनं मामाला डालग्याबद्दल माफ करून टाकलं.

डोहाळजेवणाच्या दोन दिवस आधी आम्ही पाव करून पाहिला. पीठ आईनंच मळलं. भाकरीच्या पिठाची सवय, त्यामुळं तो चिकट मैदा हाताला लागला की ती त्याच्याशी बोलायची, "सोड, सोड की मेल्या." विस्तव ओढला, ओल्या पोत्यानं तळ पुसला, पाव आत सारले, तोंडाला फरशी लावली. मला वैलापाशी बसवलं होतं, आत राख उडून पडू नये म्हणून. आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की ओलं पोतं पिळताना भिजलेला माझ्या परकराचा काठ वैलावरच्या झळीनं कडक वाळलाय. आत विस्तव नाही, तोंड बंद, आणि सगळी धग माझ्या परकराला लागतेय. फरशी काढली तर पाव खालून कोळसा आणि वरून पांढरेफटक. मामा म्हणाला खमीर बिघडलं. आई म्हणाली मैदाच खोटा. आक्का ओट्यावर बसून बघत होती. ती उठून आत गेली आणि ट्रंकेत कपडे भरायला लागली. 

मी आईला म्हणाले, "आई, वैल जर बुजवला..."

"पूजलेला वैल?" आई म्हणाली. "पोरीला सातवा लागलाय आन् तू वैल बुजवायचं बोलतेस? पुन्हा तोंडातनं काढू नको." मी नाही काढलं. पण तोंडातनं काढलं नाही म्हणजे विसरले असं नव्हे.

डोहाळजेवणाच्या दिवशी दादांनी पहाटे सगळी पांढरी शेवंती तोडली, बाजाराला एक फूल नेलं नाही. बायकांनी त्याचे दागिने गुंफले. हिरव्या साडीत, फुलांचा मुकुट घालून आक्का झोपाळ्यावर बसली तेव्हा फुलांनीच तिला धरून ठेवलंय असं वाटत होतं, इतकी ती वाळली होती. सासूबाई आल्या, ओटी भरली, दोन वाट्या पुढं ठेवल्या. आक्कानं एक उघडली, बर्फी निघाली, मुलगी म्हणून सगळ्या हसल्या. सासूबाईसुद्धा. पण त्यांचा टांगेवाला लिंबाखाली थांबलेला होता आणि माझं लक्ष त्या टांग्यावर होतं.

मामानं सकाळपासून भट्टी तापवली होती. पंगतीच्या आधी त्यानं विस्तव ओढला आणि पाव सारायला घेतले. नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात आईची तारांबळ उडाली होती. चुलीवर पुरणपोळ्या, वैलावर कटाची आमटी, आणि गव्हाची खीर अजून आटायची होती. आई ते जड पातेलं फडक्यानं धरून इकडंतिकडं बघत उभी होती. मी म्हणाले, "आई, भट्टीच्या वैलावर ठेवू?"

"धूर लागंल खिरीला."

"कडेनं कणीक लावते."

"लाव. नीट लाव, भेग ठेवू नको कुठं."

आता विस्तव तर ओढून झाला होता, धूर यायचा कुठून? पण आईच्या डोक्यात त्या घडीला पन्नास पोळ्या होत्या. मी पातेलं वैलावर बसवलं आणि कणकेची वळी करून सगळ्या बाजूनं अशी दाबली की मुंगी शिरली नसती. आईनंच सांगितलं होतं, भेग ठेवू नको. मामानं फरशी लावली, माझ्याकडं पाहिलं, पातेल्याकडं पाहिलं, आणि कणकेची वळी बोटानं आणखी एकदा दाबली.

पंगत बसली. आक्कानं पोळी इकडची तिकडं केली, एक तुकडा तोंडात घातला आणि पाण्याचा पेला उचलला. सासूबाईंनी ते पाहिलं. पंगत उठल्यावर त्या आईपाशी आल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. ट्रंक टांग्यात ठेवायला सांगा."

आईनं मान हलवली. दादा ट्रंक घेऊन ओट्यावर आले. मी भट्टीकडं पळाले आणि मामाचा शर्ट ओढला. "अजून व्हायचंय," मामा म्हणाला. "मामा, ट्रंक," मी म्हणाले. त्यानं फरशी सरकवली, पुढचा एक पाव फळीवर घेतला आणि पुन्हा फरशी लावली. पाव वरून गव्हाळ, फुगलेला. आणि वास. इतक्या वर्षांनी मला तो वास लिहिता येत नाही. मी तो परकराच्या ओच्यात धरून धावत आले तेव्हा बायकांच्या माना वळल्या.

आक्का पायरीवर बसली. तिनं पाव दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि खायला लागली. कुणाकडं न बघता, भराभर, मोठे मोठे घास. मी हात पुढं केला, "आक्का, मला एक तुकडा."

"नाही," ती म्हणाली. "डोहाळ्याचा पहिला पाव वाटायचा नसतो."

आईनं वर पाहिलं. असं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं, पण असेल नाशिक रोडची पद्धत, म्हणून ती गप्प बसली. सासूबाईंनी पाहिलं. मळ्यातल्या लोकांची काही रीत असेल, म्हणून त्याही गप्प बसल्या. दोघींच्या मध्ये बसून आक्कानं शेवटचा कण संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अजून आहे का?"

उरलेले पाव मामानं सावकाश काढले. एक सासूबाईंच्या ताटलीत ठेवला. त्यांनी तो मोडला, खाल्ला आणि विचारलं, "पीठ मळलं कशानं?" म्हणजे पायाची गोष्ट तिकडंही पोचलेली होती. आईनं दोन्ही तळहात पुढं केले, अजून मैदा नखांत अडकलेला. सासूबाईंनी त्या हातांकडं जरा वेळ पाहिलं आणि दादांना म्हणाल्या, "ट्रंक आत ठेवा. येते मी मधून मधून." जाताना चार पाव फडक्यात बांधून घेऊन गेल्या. आक्का राहिली. बाळ होईपर्यंत राहिली, आणि बाळ झाल्यावरही सव्वा महिना. मुलगीच झाली. भट्टी दर दोन दिवसांनी पेटायची आणि दर वेळी वैलावर काही ना काही शिजत असायचं, कडेनं कणीक लावून, कारण आईला खिरीची ती चव फार आवडली होती. शेवटपर्यंत ती येईल त्याला सांगायची, "वैल होता म्हणून पाव झाला. हा गेन्या नको म्हणत होता." आणि मामा मान हलवायचा. आई गेली, मामाही गेला. वैल मी बुजवला हे मी कुणाला सांगितलं नाही.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मागच्या आठवड्यात आक्काला फोनवर वाचून दाखवलं. तिला आता कमी ऐकू येतं, त्यामुळं आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं असणार. वाचून झाल्यावर तिकडून नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं फोन कट झाला.

"आक्का, आहेस ना?"

"आहे. शके, ते पावाचं एक राहिलंय."

"काय?"

"आतून कच्चा होता गं तो. पार पीठच. घशाखाली उतरत नव्हता."

मी म्हणाले, "मग खाल्लास कशाला सगळा?"

"ट्रंक ओट्यावर आली होती की," आक्का म्हणाली. "आणि तुला तुकडा दिला असता तर तू मोठ्यानं सांगितलं असतंस."